जाहेदाचं उटणं

कुणाचा विश्वास बसणार नाय, पण माझ्या बायकोचं, जाहेदाचं उटणं एकदा म्हशीच्या तोंडाला लागलं, तर ती एवढी उजळली की फुलंब्रीच्या बाजारात मालकच तिला ओळखेना. सदफच्या हळदीला जमलेल्या बाया ओढणीआड हसल्या. “त्यात घालता काय, खालू?” नवरीनं मला, तिच्या मावशीच्या नवऱ्याला, विचारलं. “मसुराचं पीठ, संत्र्याची साल आन् खुलताबादच्या डोंगरावरचं दव,” मी ठोकून दिलं. दवाची थाप माझी, बाकीचं जाहेदानंच मला सांगितलेलं. नवरीला लावायला जाहेदानं वाटीत बोटं बुडवली, तेवढ्यात नवरीची थोरली बहीण रुक्सार आत आली. वर्षापूर्वीच्या तिच्या लग्नापासून तीही रोज हेच उटणं लावायची. तिनं तोंडावरची ओढणी काढली. गाल भाजल्यासारखे लाल झाले होते, ओठावर लव उगवली होती. “शहरातल्या डॉक्टरनं बघताच विचारलं, स्टेरॉइडची कोणती ट्यूब लावतेस? ती आधी गोरं करते, मग कातडं खाते,” ती म्हणाली. “मी म्हटलं, ट्यूब नाय, माझ्या खालाच्या हातचं उटणं हाय.” “मग? बरोबरच सांगितलंस,” जाहेदा म्हणाली. “तर मग आधी तुझ्या गालाला लाव, खाला.” जाहेदानं बोटं हळूच ओढणीला पुसली. आयुष्यभर थापा मारल्या मी, पण तिच्या शब्दावर कधी शंका घेतली नव्हती. रुक्सारनं बहिणीला हाताला धरून उठवलं. “खोटं, खाला. उटण्यात ट्यूब तूच पिळलीस. आन् मी डॉक्टरपुढं अम्मीची कसम खाल्ली, तुझ्या सख्ख्या बहिणीची.”