आयनोकाकांच्या बाजूचा बर्फ

जमीन इतकी गोठली आहे की बाबांचं दफन वसंतातच होईल. तोवर ते, थंडीत गेलेल्या इथल्या इतरांसारखेच, दफनभूमीतल्या दगडी कोठीत आहेत.

मी त्यांच्या घरात एकटी राहते. नळ गोठून फुटू नयेत म्हणून तळघरातली भट्टी पेटती ठेवते. रोज सकाळी फाटकापासून पायरीपर्यंत वाट मोकळी केलेली असते. इथे शेजारी न सांगता एकमेकांचा बर्फ काढतात आणि आभार कुणी मानत नाही. म्हणून मीही गप्प राहिले.

आज शेजारचे आयनोकाका कुंपणापाशी थांबले.

"काय गं आयली, बापाची खोड उचललीस? सगळा बर्फ माझ्याच अंगणात उडवतेस."

"मी? मला वाटलं, तुम्हीच काढता."

"या कंबरेनं?" ते हसले, आणि मग हसायचे थांबले.

मी शेडमध्ये जाऊन बाबांचं बर्फ उडवायचं यंत्र पाहिलं. पात्याची पिन तुटलेली होती. गेल्या वसंतात त्यांनी रिकामी केलेली पेट्रोलची टाकी अजून कोरडीच होती.

घरात परतले. जमिनीतल्या जाळीतून भट्टीची ऊब वर येते, तिथे बाबांची खुर्ची असते. दारापासून खुर्चीपर्यंत बर्फाची पावलं उमटली होती, माझ्या बुटांपेक्षा मोठी. परत जाणारं एकही नव्हतं. शेवटची दोन खुर्चीपुढे शेजारी शेजारी होती आणि कडांनी वितळू लागली होती.

ती पुरती वितळून जायच्या आत मी धावत तळघरात गेले आणि भट्टी बंद केली.