इतवारची भांडी

देवाजीने पिंप कलंडवायला हात लावला आणि शेवंता त्या पिंपाला मिठी मारून बसली.

"पाण्याले हात नका लावू, भाऊ."

देवाजी मलेरियावाला. भिलाईचा कारखाना उभा राहत होता, तिथल्या मजूर कॅम्पात तो घरोघर फिरून फवारणी करायचा आणि दारावर खडूने तारीख लिहून जायचा. शेवंताच्या एका खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. डांबराचं घासून घेतलेलं पिंप, दोन रांजण, घागरी, माठ, कान तुटलेलं घमेलंसुद्धा, सगळं काठोकाठ भरलेलं. वरचं पाणी वापरायचं आणि रोज तेवढंच भरून ठेवायचं. एकाही भांड्याचा तळ कधी कोरडा झाला नव्हता.

"नळ तं दोन्ही वेळा येते, बाई. मंग एवढं कावून भरता?"

शेवंताने पिंपाची मिठी सोडली नाही. तिच्या माहेरी गावातल्या विहिरीला त्यांच्या वस्तीने शिवायचं नसे. तिची माय, भागाबाई, घागरी घेऊन लांब उन्हात बसायची. वरच्या आळीतल्या कोणी दया करून ओतलं, तर पाणी. नाही ओतलं, की माय घरी येऊन भांडी दारात उपडी घालायची. वस्तीला कळायचं, आज यांच्याकडे थेंब नाही. नवऱ्याला, जानरावला, कारखान्यात काम लागलं, बिऱ्हाड इथं आलं आणि दारासमोर नळ दिसला, त्याच दिवशी शेवंताने मनाशी गाठ बांधली होती. आपल्या घरचं भांडं कधी उपडं पडायचं नाही.

देवाजीने पेला पिंपात बुडवला आणि दारातल्या उजेडात धरला. पाण्यात दोऱ्याच्या तुकड्यांसारखं काहीतरी वळवळत होतं.

"साचल्या पाण्यात हे होते. हप्त्या-दीड हप्त्यात मच्छर होऊन उडते. पोरीले तिसऱ्यांदा ताप आला ना? गोळ्या देतो मी. पण पिंप असंच राहिलं, तं चौथ्यांदा या लागन मले."

खाटेवर सहा वर्षांची तारा दोन गोधड्यांखाली हुडहुडत होती. तिचे दात वाजलेले ऐकू येत होते. शेवंता पेल्याकडे बघत राहिली. मग उठली, पदर खोचला.

"सरका, भाऊ. माह्यं पाणी मीच सांडीन."

पाणी अंगणातून वाहत गेलं, तेव्हा मात्र तिने तोंड फिरवलं.

देवाजी सांगून गेला, पिण्याचा एक माठ ठेवा, तोंडाला फडकं बांधून. बाकी सगळं दर इतवारी घासून उन्हात वाळवा.

दिवाळीनंतर भागाबाई पहिल्यांदाच लेकीकडे आली. जानराव तिला दुर्ग स्टेशनावरून घेऊन आला, तो नेमका इतवार. अंगणात तारा लंगडी खेळत होती, पण म्हातारीची नजर नातीपर्यंत पोचलीच नाही. दारासमोर पिंप, रांजण, घागरी, सगळी उपडी. तिचा चेहरा उतरला. गाठोडं खाली ठेवून, पाणीही न मागता, तिने एक घागर उचलून कमरेवर घेतली.

"चाल, शेवंते. इथं कोणाच्या दारात बसा लागते?"

शेवंताने मायच्या कमरेवरची घागर हलकेच काढून घेतली आणि पुन्हा उन्हात उपडी ठेवली.

"कोणाच्याच नाही, माय. पाणी भेटते, म्हणूनच तं उपडी केली."