नव्या गोळीची वाट

"खरं सांग आई, किती वेळा चुकवलीस?" वर्षाने तिसऱ्यांदा विचारलं.

"एकदाही नाही वं, माय," मालतीबाई म्हणाली आणि भिंतीकडे वळून पडली.

डॉक्टरांनीही हेच विचारलं होतं. एचआयव्हीच्या गोळ्या वीस वर्षं बऱ्या चालल्या, आणि आता विषाणू त्यांना जुमानेना. दुसऱ्या दिल्या, त्याही फुकट गेल्या. पण दोष देणार कुणाला? सरकारी केंद्रात दर महिन्याला उरलेल्या गोळ्या मोजतात. मालतीबाईची बाटली कधी एका गोळीनेही पुढेमागे निघाली नव्हती.

सुरतेत, पर्वत पाटिया भागातल्या एका खोलीत मायलेकी राहत. वर्षाचे वडील, उखा, कापडाच्या लूमवर कामाला होते. ती पाच वर्षांची असताना ते याच रोगाने गेले. गल्लीतल्या आपल्याच खान्देशी बायकांनी या घरचं पाणी प्यायचं सोडलं. "पोरीची तपासणी केली, ती चांगली आहे," असं मालतीबाईने दारोदार सांगितलं, तेव्हा कुठे वर्षाला शाळेत बसू दिलं.

साड्यांवर टिकल्या चिकटवून बाईने लेकीला एम.एस्सी. केलं. पुण्याला प्रवेश मिळाला होता, तर मालतीबाई दोन दिवस अन्नाला शिवली नाही. "माझ्या नजरेसमोर राहा." हट्टी म्हणजे किती हट्टी! सकाळी स्वतःच्या हाताने सुंठ-गूळ भरवल्याशिवाय पोरीला उंबरा ओलांडू देत नसे, आणि पोर सव्वीस वर्षांची घोडी. वर्षा तोंड वाकडं करून गिळायची. आईपुढे कुणाचं चालतं?

सुरतेबाहेर, सचिन गावाजवळच्या एका प्रयोगशाळेत वर्षा कामाला होती. विषाणू जुन्या औषधांना सरावला, की घाव घालायला त्याच्यातली नवी जागा शोधायची, असं ते काम. मालतीबाईच्या संमतीने तिचं रक्तही तिथे आलं होतं.

"एकही गोळी न चुकवता सरावलेला विषाणू!" तिथले योगेंद्र सर हरखले. "असा नमुना शोधूनही मिळत नाही."

वर्षाला त्यांचा राग आला. नमुना कसला, आई होती ती. पण कामाला मात्र ती जिवावर उदार होऊन लागली. आठ महिने सण नाही की सुट्टी नाही. मालतीबाई अंथरुणाला खिळत गेली आणि रोज एकच विचारत राहिली, "नवी गोळी कधी येईल वं?"

मग एके दिवशी वर्षा धावतच घरी आली.

"आई, सापडलं! विषाणूतलं एक प्रथिन अडवलं की त्याची वाढच थांबते."

पंधरा दिवसांत पहिल्यांदाच मालतीबाई आधाराशिवाय उठून बसली. "मग गोळी कधी?"

"अजून फक्त काचेच्या तबकडीत जमलंय, आई. वेळ लागतो."

"किती?"

खोटं बोलायचं वर्षाच्या अगदी जिभेवर आलं होतं. "दहा वर्षं. जास्तच."

मालतीबाईने हंबरडा फोडला. वर्षा तिला बिलगली. "तुझ्यासाठीच करत होते गं. उशीर झाला. माफ कर मला."

"माझं काय, माझं झालं," मालतीबाई हुंदके देत म्हणाली. "दहा वर्षं नको करू, माय. लवकर कर." मग तिने पदराने डोळे पुसले. "मी खोटं बोलले. अख्खी गोळी मी कधी घेतलीच नाही. अर्धीच घेतली."

"वीस वर्षं? अगं, अर्ध्या मात्रेनेच तर तो सरावला! आणि बाटली तर रिकामी व्हायची. उरलेली अर्धी कुठे फेकत होतीस?"

"फेकेन कशी?" मालतीबाईने तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "केंद्रात तुझं नाव लागलं असतं, तर तुला शाळेतून काढलं असतं. म्हणून माझ्यातली अर्धी रोज सुंठ-गुळातून तुला दिली."