समोरची गर्दी

समोरच्या चष्म्याच्या दुकानात कधीही बघावं तर चार-पाच माणसं आरशापुढे वाकलेली. आपल्याकडे मात्र माशीसुद्धा फिरकत नाही, हे बघून चष्मेवाल्याच्या पोटात रोज दुखायचं. असंच चाललं तर दुकानाला कुलूप लावावं लागणार, म्हणून त्याने व्यवसाय सल्लागार गाठला.

"रिकाम्या दुकानाची पायरी कोणी चढत नाही," सल्लागार म्हणाला. "घरची माणसं गिऱ्हाईक म्हणून बसवा."

दुसऱ्या दिवसापासून सासूबाई, मेहुणा आणि मावशी कामाला लागले. आठवडाभरात सासूबाईंनी एकच फ्रेम शंभरदा लावून पाहिली.

"जावईबापू, नाक सोलवटलं हो माझं!"

"थोडी कळ काढा, आई. समोर ती पांढऱ्या केसांची बाई बघा, सकाळपासून जागची हललेली नाही. अशी गिऱ्हाइकं मिळायला नशीब लागतं!"

संध्याकाळी समोरचा दुकानदार स्वतःच रस्ता ओलांडून आला आणि हात जोडून हळूच म्हणाला,



"दादा, तुमची गिऱ्हाइकं आज कधी उठणार हो? ती दिसतायत तोवर आमच्या आत्याला उठवायचं नाही, असं सल्लागारांनी बजावलंय."