बरंय

"वा, छान. फारच छान," सासरे घड्याळजी सुनेला म्हणाले, आणि सासूबाईंच्या हातातला ट्रे टेबलावर जरा जोरातच टेकला.

ही चौथी वेळ. पहिल्या रविवारी सुनेची आल्याची बिस्किटं छान होती. दुसऱ्या रविवारी संत्र्याच्या सालींची कँडी छान होती. तिसऱ्या रविवारी पेपरमिंटच्या गोळ्यासुद्धा छान होत्या, आणि त्या तर सासूबाईंच्या मते दंतमंजनासारख्या लागत होत्या. आज टॉफी. तीही छान.

सुट्ट्या लागायला सहा दिवस होते. सुट्टीत चौदा घरी डबे जायचे, आणि एकतीस वर्षं त्या डब्यांतून सासूबाईंची लोण्याची बिस्किटं जात होती. यंदा सून म्हणाली, काहीतरी नवीन करून बघूया का. दोघींनी दर रविवारी काहीतरी करायचं, घड्याळजींनी चव घ्यायची, त्यांना आवडेल ते डब्यांत. मुलाचं मत कुणी मागितलं नाही. भूक लागली की तो पुठ्ठाही संपवेल. सासूबाई तेव्हा हसून हो म्हणाल्या होत्या. औषधांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत काम करणारी पोरगी, हिला काय जमणार.

तिला जमत होतं. ती साखर ग्रॅममध्ये तोलायची, पाकात थर्मामीटर धरून उभी राहायची. ओव्हन दाखवतो त्यापेक्षा आठ अंश जास्त तापतो, हे तिनं पहिल्याच दिवशी शोधून काढलं. सासूबाईंना ते एकतीस वर्षं माहीत होतं. फक्त त्या त्याला 'मेला जरा तापट आहे' एवढंच म्हणायच्या.

घड्याळजींनी आता बायकोचं बिस्किट उचललं. वर्तमानपत्रातून मान वर न करता खाल्लं.

"बरंय."

चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करून निवृत्त झालेला हा माणूस. बोलणंही मोजूनमापून. लग्नानंतरच्या पहिल्या बिस्किटाला बरंय. मुलगा झाला तेव्हा पाळण्यात वाकून बघितलं आणि म्हणाले, बरंय. सासूबाईंनी त्यावर संसार केला, कारण त्यांची समजूत अशी की या माणसाजवळ दुसरा शब्दच नाही. तीन आठवड्यांपूर्वी कळलं की आहे. इतकी वर्षं जपून ठेवला होता, आणि आता काल आलेल्या पोरीवर उधळत होते.

बशा आवरून झाल्यावर स्वयंपाकघरात सून पातेल्याला चिकटलेला पाक गरम पाण्यानं सोडवत होती. सासूबाईंनी एक रिकामा डबा तिच्यासमोर ठेवला.

"भर तुझी टॉफी. माझी बिस्किटं आपण घरी खाऊ."

"का?"

"का म्हणजे? तुला छान म्हणतात. माझ्या बाबतीत बरंयच्या पुढे एक पाऊल गेले नाहीत कधी."

सुनेनं नळ बंद केला. "आई, बाबा मीटर वाचायला येणाऱ्यालाही छान म्हणतात. छान म्हणतात आणि बशी बाजूला सारतात. दर रविवारी त्यांनी माझं फक्त एक खाल्लंय. तुमची बिस्किटं पाच, सहा, पाच, आणि आज सात."

"मोजलीस?"

"कामावर दिवसभर दुसरं काय करते?" तिनं हात पुसले. "मी या घरात अजून पाहुणीच आहे, आई. एकदा तरी मला बरंय म्हणावं, म्हणून चार रविवार खपतेय. डब्यांत काय जायचं ते जाऊ दे."

सासूबाईंना आतून एकदम हलकं वाटलं. हलकं वाटलेला माणूस उदार होतो. त्यांनी बाह्या सरसावल्या.

"तुझी टॉफी दाताला धरते. डाव्या बाजूला दाढा नाहीत त्यांना. चावायची नको, चघळायची कर. आणि गोडी कमी."

"साखर कमी केली तर ती जमणारच नाही."

"साखर तेवढीच ठेव. आणखी शिजव."

"एकशे अठरा अंशांवर उतरवते मी."

"अंश तू बघ. मी रंग बघते. जुन्या घड्याळाच्या चामडी पट्ट्यासारखा झाला पाहिजे."

"करपेल हो."

"करपायच्या आधी काढायची."

नव्या पाकातला थर्मामीटर एकशे चोपन्नवर गेला तोवर सून कासावीस झाली होती. सासूबाई डोळे मिटून वास घेत होत्या. "आता," त्या म्हणाल्या. ओतलेली टॉफी तासाभरात गार झाली आणि कडकन मोडली. सासूबाईंनी एक तुकडा तोंडात टाकला. आधी गोड, मागून किंचित कडू.

सुनेनं बशी नेऊन ठेवली आणि दारात येऊन थांबली. वर्तमानपत्रामागून एक हात आला, चाचपला, तुकडा घेऊन गेला. पान उलटलं. हात पुन्हा आला. मग तिसऱ्यांदा. सुनेचे ओठ आवाज न करता मोजत होते.

"बरंय," वर्तमानपत्रामागून आवाज आला.

सुनेचे डोळे भरून आले. सासूबाईंनी तिच्या खांद्यावरून बशीकडे पाहिलं. हात चौथ्यांदा येत होता.

"अहो," त्या म्हणाल्या, "पोरीनं एवढी मेहनत घेतलीय. नीट छान म्हणा की तिला."