दुभाषी

मेंदूत रक्तस्राव झाला आणि ताईच्या तोंडची मराठी गेली. समजायचं सगळं, पण बोलायला गेली की लहानपणी आम्ही दोघींनी रचलेली परग्रहवासीयांची भाषाच बाहेर पडायची. गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे बसून आम्ही त्या लोकांचे शब्द, लग्नं, शिव्या, सगळं ठरवलं होतं. आठव्या दिवशी डॉक्टर दुसऱ्या ऑपरेशनचा कागद घेऊन आले. "केलं तर जगतील, पण अंथरुणावरच. त्यांची इच्छा विचारा." आई माझा दंड घट्ट धरून उभी होती. तिला कळू नये म्हणून मी आमच्या भाषेत विचारलं. ताई बराच वेळ शब्द शोधत राहिली. त्या लोकांना आम्ही मरण दिलंच नव्हतं, त्यामुळे त्याला शब्दही नव्हता. शेवटी ती म्हणाली, "तेशा लुम." यान निघताना ते लोक जमिनीवरच्या माणसाला हेच सांगायचे: दोर सोड. "काय म्हणाली गं? हो म्हणाली ना?" आईने विचारलं. तिचा चेहरा बघून मी कच खाल्ली. "हो म्हणाली." आईने सही केली. ताईने माझ्या मुठीतून आपली बोटं हळूच काढून घेतली. ऑपरेशन यशस्वी झालं. ताई त्यानंतर चार वर्षं जगली. मी तिला रोज भरवायचे, वेणी घालायचे, आमच्या भाषेत माफी मागायचे. ती छताकडे बघत राहायची. कुठल्याच भाषेत ती पुन्हा एक शब्दही बोलली नाही.