ओकिरोरची नळी

"ओकिरोरला वासानंच चढते!" म्हातारा ओपोलोत म्हणाला, आणि मडक्याभोवतीचे सगळे हसले.

मडक्यातल्या नाचणीच्या दारूत ज्याची त्याची ओढून प्यायची लांब नळी बुडालेली होती. ओकिरोर आपली नळी धरून, मान वळवून, शेजारी नसलेल्या कुणाशी तरी भांडत होते.

ओकिरोरची थोरली लेक अमोदिंग सासरहून आली होती ती बाबांसाठीच. सोरोती शहरातल्या दवाखान्यात तिनं नर्सला सगळं सांगितलं होतं. रात्रभर बोलतात, कुणी मारायला येतंय म्हणतात.

"पितात का?"

"रोज."

"मग आधी दारू सोडवा. डोक्याचं नंतर बघू."

तिनं मडक्यातून बाबांची नळी उपसली आणि ओपोलोतपुढे गुडघे टेकले. "काका, यापुढे यांना बसू देऊ नका."

"अगं, तेवढीच त्याची मजा."

"मजा तुमची होते, काका."

परतताना बाबा पायवाटेवरून नीट चालत होते.

"धाकटीचं लग्न ठरू दे. नवऱ्याकडच्या गाई दारात येऊ देत, मग ने नळी."

"पिणाऱ्याला कारण लागतंच, बाबा."

"दारुड्याच्या पोरीला मागणी येते गं."

अमोदिंग नळी घेऊन चालत राहिली. बाबांच्या थोरल्या भावाला वेडा म्हणून आंब्याला बांधून ठेवत. त्याच्या मुलींसाठी कधी कुणी गाई आणल्या नाहीत. तो तर दारूला शिवतही नसे.

तिनं नळी छपराच्या गवतात खोचली.

बाबा मडक्याकडे गेले नाहीत. भर बाजारात मात्र ते ओरडू लागले, कुणीच नसलेल्या जागी दगड मारू लागले. आता कुणी हसत नव्हतं. बाया पोरांना आत घेत. धाकटीच्या होणाऱ्या सासरचे यायचे होते, ते आले नाहीत. एका सकाळी शेजारी दोर घेऊन आले, तेव्हा बाबा दलदलीकडे पळाले. पाणी ओसरल्यावर सापडले.

माती दिल्यावर ओपोलोतनं मडकं मांडलं. "त्याची नळी आण, पोरी. आज त्याच्या जागेवर ठेवू."

अमोदिंगनं ती गवतातून काढली, गरम पाण्यात बुडवली, साफ करायला फुंकली. हवा जाईना. पुन्हा जोर लावून फुंकली.

तिनं टोकाची, गाळ अडवणारी विणलेली चाळणी सोडवली. आत लाकडाची खुंटी घट्ट ठोकलेली होती, चाकूनं नीट तासलेली, वर्षानुवर्षं दारूत भिजून काळी पडलेली.